डावी विंग, उजवा गुडघा

मुलीच्या गुडघ्याबद्दल मला इतक्या लोकांनी विचारलं आहे की एकदा सगळं क्रमाने लिहून काढावं असं ठरवलं. मला क्रम लागतो. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे, किती उरलंय, कधी मागवायचं, हे मला विचारावं लागत नाही. घरीही तसंच आहे. फ्रिजवर याद्या लावलेल्या असतात आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मी झोपत नाही. मुलगी चिडवायची, "मम्मी, मला कुठल्या रॅकवर ठेवलंयस ते तरी सांग."

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा भोसरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपला लागला, लग्नानंतर मीही आले, आणि भाड्याच्या खोल्या बदलत बदलत शेवटी चऱ्होलीत एक छोटा फ्लॅट झाला. तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. आता सोसायट्या आहेत. गावातल्या मूळ घरांना आम्ही सगळे "बाहेरचे". उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की हा शब्द हमखास कानावर यायचा. "बाहेरची लोकं आली आन् गावाचं पानी गेलं." आम्ही उत्तर देत नसू. बादल्या भरायच्या आणि घरी यायचं.

मुलगी पाचवीत असताना शाळेमागच्या रिकाम्या प्लॉटवर मुलांबरोबर फुटबॉल खेळायला लागली. मुलं तिला डावीकडे, म्हणजे डाव्या विंगवर, उभी करत, कारण तिकडे गटार होतं आणि बॉल त्यात गेला की काढायचं काम डावीकडच्याचं. ती बॉल गटारात जाऊच देत नसे. निगडीच्या मैदानावर मुलींना शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, स्वतः राज्याकडून खेळलेल्या, तोंडाने तिखट. एका शालेय स्पर्धेत त्यांनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो आई, तुमच्या मुलीला डावा पाय आहे."

"दोन्ही आहेत की," मी म्हणाले.

त्या खळखळून हसल्या. मग समजावून सांगितलं. डाव्या पायाने इतका नेमका बॉल टाकणारी मुलगी त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. "रोज पहाटे पाठवायची असेल तर पाठवा. कधीमधी पाठवणार असाल तर राहू द्या."

मी रोज पाठवली. चऱ्होलीहून निगडी म्हणजे बस बदलणं आलं. पहिली बस चुकली की सराव चुकला. त्यामुळे सकाळचं सगळं मी रात्रीच मांडून ठेवायची: बूट, मोजे, शिनपॅड, उकडलेली अंडी, कोरडा टी-शर्ट. पुढची सगळी वर्षं आमच्या घरात सकाळी पाचला पहिला आवाज माझा असायचा, तिला उठवण्याचा.

ती राज्याकडून खेळली, मग देशाच्या लहान वयाच्या संघात, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मोठ्या संघाच्या कॅम्पला बोलावणं आलं. परदेशातला तिचा पहिला सामना आम्ही नवऱ्याच्या मोबाईलवर बघितला. ती बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि नेमकी त्याच वेळी स्क्रीन अडकली. नवरा मोबाईल तळहातावर आपटत होता आणि ओरडत होता, "नाव घेतला की गं तिचा! ऐकलीस का? घेतला की!" चित्र परत आलं तोवर सामना संपून मुली हात मिळवत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शॉपमध्ये कुणीतरी विचारलं, "इंडियाकडून? म्हणजे बायकांच्या?"

"हो, बायकांच्या," नवरा म्हणाला. "तू कुणाकडून खेळतूस?"

हे वाक्य त्याने घरी येऊन मला तीनदा सांगितलं.

ती बावीस वर्षांची असताना एका स्पर्धेत तिने गोल केला. डावीकडून आत वळली, दोघींना मागे टाकलं आणि लांबच्या कोपऱ्यात बॉल मारला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवला आणि तो आमच्या चऱ्होलीत पोचला. ज्यांनी आजवर आमच्या दारात पाय ठेवला नव्हता असे लोक जिन्यात थांबवून अभिनंदन करायला लागले. ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष चार पोरं घेऊन घरी आले. टँकरच्या भांडणात ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा असे, तेच हे.

ते सोफ्याच्या कडेला बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आमचं काय चुकलंमाकलं आसंल तर ऱ्हाऊ द्या बाजूला. पोरगी आता गावाची हाय. सत्कार झाला पायजे. न्हाई म्हनायचं न्हाई."

मी विचारलं, "सत्कार म्हणजे काय काय?"

"काय न्हाई वो. फेटा, शाल, श्रीफळ. पाव्हणं येनार, दोन शब्द बोलनार. तासाभरात पोरगी घरी."

पोरांपैकी एकजण म्हणाला, "आणि ताई, एखादा गोल दाखवा ना राव. आम्ही मोबाईलवरच बघतोय."

मुलगी हसून म्हणाली की मॅडमनी सक्त मनाई केली आहे. पुढचा कॅम्प जवळ आला होता. त्या कॅम्पमधून एका मोठ्या पात्रता स्पर्धेचा संघ निघणार होता, आणि पहिल्यांदाच ती बदली म्हणून नव्हे, पहिल्या अकरांत उतरेल असं दिसत होतं. तोवर एकही प्रदर्शनी सामना नाही, अनोळखी मैदानावर पाय ठेवायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

"बरोबर हाय मॅडमचं," अध्यक्ष म्हणाले. "आपन नुसता मान करू."

ते गेल्यावर नवरा कितीतरी वेळ दारातच उभा होता. "गावची पोरगी मनले," तो म्हणाला. "ऐकलीस का? गावची." एवढी वर्षं इथे राहून त्याला हे कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि ते त्याला किती हवं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

चौकात फ्लेक्स लागला. तिचा फोटो बरोबर होता, पण मागचं मैदान क्रिकेटचं होतं, मधे खेळपट्टीसुद्धा दिसत होती. ती बघून आम्ही मायलेकी रस्त्यात हसत उभ्या राहिलो.

सत्कार मंडळाच्या मोकळ्या प्लॉटवर होता. गणपती उठून फार दिवस झाले नव्हते. मोठा मांडव काढून नेला होता, स्टेज तेवढं ठेवलं होतं. आणि आमच्या मुलीसाठी म्हणून पोरांनी एक गोष्ट केली होती. मंडपवाल्याकडून हिरवी मॅट आणून सगळ्या प्लॉटवर अंथरली होती, कडेला बांबूचा गोलपोस्ट उभा करून त्याला जाळी बांधली होती. टीव्हीत दिसतं तसं दिसावं म्हणून. खरंच तसं दिसत होतं. संध्याकाळच्या दिव्यांत तर फारच छान दिसत होतं. मुलगी मला म्हणाली, "मम्मी, एवढं कुणी केलं नव्हतं गं माझ्यासाठी."

तिला फेटा बांधला, नवऱ्याला बांधला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताना फेटा कपाळावर सरकला. माझी ओटी भरली. ढोलताशा वाजला. आणि मग पाहुण्यांची वाट बघणं सुरू झालं.

असल्या कार्यक्रमांना गेलेल्या कुणालाही हे माहीत आहे. पाहुणे निघालेत, पाहुणे फाट्यावर आलेत, पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेत. लोक चुळबुळ करायला लागतात, बायका पोरांना घेऊन घरी निघतात, आणि पाहुणे येतील तेव्हा खुर्च्या रिकाम्या दिसतील या भीतीने आयोजकांचा जीव जातो. माईक ज्याच्या हातात असतो त्याने कसंही करून वेळ काढायचा असतो. त्या दिवशी माईकवाल्याने बालगीतं म्हणून घेतली, प्रश्नमंजूषा घेतली, आणि मग म्हणाला, "पाहुणे येईपर्यंत आपल्या ताई आपल्याला एक गोल करून दाखवतील! जोरदार टाळ्या!"

तिने स्टेजवरून हात हलवून नाही म्हटलं. त्याने परत पुकारलं. तिने परत नाही म्हटलं. मग अध्यक्ष तिच्या खुर्चीजवळ वाकले. "बाळा, एकच. पाव्हणं येईस्तवर. लोकं उठाया लागली."

तिने बापाकडे बघितलं. तो फेटा सावरत हसत होता. ती उठली.

पहिला बॉल तिने उभ्या उभ्या मारला. जाळी हलली आणि सगळा प्लॉट ओरडला. तिथे ते थांबायला हवं होतं, आणि ती थांबलीही होती. पण चार-पाच पोरं मॅटवर उतरली. "ताई, आम्हाला चकवून दाखवा! आम्हाला!" आणि मग मी तिचा चेहरा बघितला. कुणी जबरदस्ती केली म्हणून ती खेळली असं मी म्हणणार नाही. तिला मजा येत होती. गटाराकडेच्या त्या प्लॉटवर खेळायची तशी ती फेट्यासकट निघाली, पहिल्याला डावीकडून काढलं, दुसऱ्याच्या पायांतून बॉल घातला, लोक हसत होते, आणि तिसऱ्याला वळसा घालण्यासाठी तिने उजवा पाय रोवला.

मॅट खाली गेली.

मला आधी फेटा घरंगळताना दिसला. ती गुडघा धरून कुशीवर पडली होती. पोरांना वाटलं गंमत आहे. माईकवाला म्हणाला, "ताईंनी डाईव्ह मारली! रेफ्री कुठे आहेत?" सगळे हसले. ते हसणं, ते वाक्य, सगळं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये गेलं आणि पुढे वर गाणं लावून फिरलं.

मी पोचले तेव्हा ती दात आवळून एवढंच म्हणाली, "मम्मी, आवाज आला. आत आवाज आला."

एका पोराने मॅट उचलली. खाली मांडवाच्या वाशाचा खड्डा होता. वासे उपटल्यावर पोरांनी माती लोटून खड्डे बुजवले होते, नंतरच्या पावसाने ती माती खाली बसली होती, आणि वरून हिरवी मॅट ताणून घातली होती. असे खड्डे सगळ्या प्लॉटभर, ठरावीक अंतरावर होते. अध्यक्ष त्या खड्ड्याकडे बघत राहिले. "आमीच बुजवला व्हता वो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आमीच बुजवला व्हता."

त्यांनी स्वतःची गाडी आणायला पोराला पिटाळलं. मुलीला मागच्या सीटवर आडवी बसवली, पाय लांब करून. तेवढ्यात पाहुणे आले आणि ढोल सुरू झाला. पाहुण्यांना कुणीतरी कानात सांगितलं. ते गाडीपाशी आले, दार उघडं होतं, त्यातून वाकून त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि मांडीवर नारळ ठेवला. फोटो काढला गेला. ती हसली. फोटोत ती हसतेच आहे.

गाडी दवाखान्याऐवजी आळंदीच्या पलीकडच्या एका गावात गेली. तिथे एक हाडवैद्य होते, अध्यक्षांच्या नात्यातले, आसपासच्या तालमींतले पैलवान त्यांच्याकडे येत. मी म्हणाले आधी एक्स-रे काढू. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तालमीतली पोरं हितंच उभी ऱ्हायलीत." नवरा म्हणाला, "बघू तर दे." वैद्यांनी गुडघा दाबून बघितला, बोटं हळू हळू फिरवली आणि म्हणाले, "मोडलेलं न्हाई. शीर सरकलीय." लेप लावला, कामट्या बांधल्या, परत बोलावलं. हाड मोडलेलं नव्हतं हे त्यांचं खरं होतं. एक्स-रे काढला असता तरी तेच कळलं असतं. जे तुटलं होतं ते बोटांना लागणारं नव्हतं.

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एमआरआय करा. आजच." आणि फोन ठेवला.

इथून पुढे मोठा घोळ झाला तो असा की गुडघा बरा झाला. निदान तसं दिसलं. सूज उतरली. ती चालायला लागली, मग हळू पळायला लागली. सरळ रेषेत पळताना काहीच दुखत नव्हतं. नवरा वैद्यांना पेढे देऊन आला. मी एमआरआयची वेळ घेतली होती, ती दोनदा पुढे ढकलली गेली, आणि तिसऱ्यांदा मी डबा भरता भरता तिला विचारलं, "आज येतेस की नाही?"

"नाही."

"का?"

"रिपोर्ट आला की मला कॅम्पवर खोटं बोलावं लागेल," ती म्हणाली. "नाही आला तर मला काही माहीतच नाही."

"आणि खरंच काही असलं तर?"

"मग डॉक्टर म्हणतील खेळू नको. मग माझ्या जागी ती केरळची मुलगी जाईल. चांगली आहे ती, मम्मी. मी निवडणारी असते तर मीसुद्धा तिलाच घेतलं असतं. एकदा ती आत गेली की मी बाहेर."

"गुडघ्यापेक्षा मोठं आहे का ते?"

"हो," ती म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही. "माझा गुडघा आहे. मी ठरवणार."

ती बावीस वर्षांची होती. पासपोर्ट तिचा, बोलावणं तिचं. मी तिची बॅग भरली. क्रेप बँडेज दोन घातले.

पुढचं मला तिने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. कॅम्पवर पहिल्या दिवशी फिजिओने सगळ्यांचे गुडघे तपासले. नडगी धरून पुढे ओढून बघतात. तिची पाळी आली तेव्हा तिने मांडी आतून इतकी आवळून धरली की गुडघा जागचा हलला नाही. फिजिओ म्हणाल्या, "मांड्या मजबूत आहेत तुझ्या." पुढच्या आठवड्यात सरावाच्या सामन्यात ती डावीकडून आत वळली, तीच तिची नेहमीची वळण्याची तऱ्हा, आणि उजवा गुडघा वळलाच नाही. वरचं अंग वळलं, खालचा पाय तिथेच राहिला.

लोहगाव विमानतळावर ती कुबड्यांवर बाहेर आली. नवरा बॅग घ्यायला पुढे गेला आणि बॅग न घेता तसाच उभा राहिला. तिनेच म्हटलं, "पप्पा, बॅग."

पिंपरीतल्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली. आमच्या समजुतीसाठी सावकाश बोलले. दोन हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट पूर्ण तुटलेला होता, तो जुना. गुडघ्यातली गादी फाटलेली होती, ती नवी. "लिगामेंट नवा बसवता येतो," ते म्हणाले. "गादी आहे तेवढीच सांभाळायची. पहिल्यांदा पडली तेव्हाच आली असती तर गादी वाचली असती."

नवऱ्याने विचारलं, "सूज उतरलती की साहेब. पळत बी होती."

"उतरते," डॉक्टर म्हणाले. "सरळ पळताही येतं. वळता येत नाही."

ऑपरेशन झालं. अध्यक्ष फळं घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. ते आणि नवरा कॉटच्या दोन बाजूंना बसले. गुडघ्याबद्दल कुणीच बोललं नाही. दोघांनी बराच वेळ टँकरबद्दल बोलून घेतलं, नवी पाइपलाइन कधी येणार वगैरे, आणि अध्यक्ष निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांचा राग यावा असं मला मनापासून वाटायचं. येत नसे. चौकातला फ्लेक्स एव्हाना उतरला होता, त्या जागी कुणाचा तरी वाढदिवस लागला होता.

त्या पात्रता स्पर्धेत केरळची ती मुलगी डावीकडून खेळली. माझी मुलगी पलंगावर पाय उशीवर ठेवून सगळे सामने बघत होती. एकदाही तिने टीव्ही बंद केला नाही. एकदा फक्त म्हणाली, "कडेवरून क्रॉस उशिरा टाकते." मग थोड्या वेळाने, "पण टाकते."

मग वर्षभर आमचं घर म्हणजे व्यायामशाळा. मी डॉक्टरांनी दिलेले सगळे व्यायाम मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावले. पाय सरळ उचलणं, भिंतीला पाठ लावून बसणं, मग जिना, मग सायकल. जे झालं त्यावर रेघ. कुरकुर न करता ती ते सगळं करायची, आणि मला तेच बघवत नसे. पूर्वी ती कुरकुरायची. नवरा सेकंड शिफ्टहून आला की तिच्या गुडघ्याला तेल लावायला बसायचा, आणि ती नको म्हणायची नाही. त्याच्यासाठी.

वर्ष संपलं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या केल्या. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी. निगडीच्या मैदानावर ती परत उतरली. पहाटेची बस परत सुरू झाली. वेग आला, दम आला, डावा पाय तर होताच. राज्याच्या संघात तिची निवड झाली. मी फ्रिजवरच्या यादीत बऱ्याच दिवसांनी शिनपॅड लिहिलं. तिला परत देशाकडून खेळायचं होतं. त्याशिवाय त्या वर्षात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मग एका रविवारी मॅडमनी मला मैदानाच्या कडेला बोलावून घेतलं. "आई, तिच्याकडे बघा. पायाकडे नाही, मानेकडे."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही.

"परत बघा. बॉल तिच्याकडे आला की."

आणि मग दिसलं. बॉल आला, तिने तो थांबवला, आणि वळण्याच्या आधी, अगदी पापणी लवते तेवढ्यात, तिची नजर खाली गेली. जिथे उजवा पाय ठेवायचा त्या जमिनीवर. मग पाय ठेवला. मग वळली. तोवर समोरची मुलगी येऊन पोचली होती.

"विंगवर तेवढाच वेळ असतो," मॅडम म्हणाल्या. "तो ती जमिनीला देते. मी सांगून थकले. तिला स्वतःला कळतच नाही."

घरी मी तिला सांगितलं. ती चिडली, मग तिने मोबाईलवर स्वतःचं खेळणं बघितलं, परत परत बघितलं, आणि मोबाईल उलटा ठेवून म्हणाली, "तू येत जा. मी खाली बघितलं की ओरड."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मी निगडीच्या मैदानावर बाजूच्या रेषेवर उभी राहून ओरडायची. "वर!" बाकीच्या मुलींना आधी हसू आलं, मग सवय झाली. एखादी म्हणायची, "काकू, मला पण ओरडा ना, मी पण खालीच बघते." ठरलं होतं असं की खोटं सांगायचं नाही. तिने विचारलं की जे दिसलं तेच सांगायचं. सरावात हळूहळू फरक पडला. एखाद्या सकाळी मला ओरडावंच लागत नसे. अशा सकाळी ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून काहीतरी गुणगुणायची.

राज्याराज्यांचे सामने त्या वर्षी आमच्याच भागात होते. देशाच्या संघाची निवड करणारे येऊन बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी रजा टाकली. नवऱ्याने टाकली नाही. म्हणाला, "माझ्याच्यानं बघवंना." आईबापांना जाळीच्या बाहेर बसवलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी मॅडम जाळीपाशी आल्या. "आई, आज आवाज नाही हां."

"माहीत आहे," मी म्हणाले.

निवड करणारे तिघे शामियान्याखाली बसले होते. सामना सुरू झाला. पहिल्यांदा बॉल डावीकडे आला, तिने छातीवर घेतला, खाली टाकला, आणि तिची नजर खाली गेली. मी जाळीची तार धरली. दुसऱ्यांदाही गेली. मैदान उत्तम होतं, सारखं, हिरवंगार, त्यात कुठे एक खडा नव्हता. मध्यंतराच्या थोडं आधी एक लांब पास तिच्यापुढे पडला. जवळ कुणी नव्हतं. आत वळायचं आणि मारायचं, एवढंच. लोक उभे राहिले. ती पोचली, तिने बॉल पुढे घेतला आणि खाली बघितलं. समोरच्या संघातल्या एका मुलीने मागून येऊन तो शांतपणे काढून घेतला.

"वर" हा शब्द माझ्या तोंडात होता. तो मी गिळला.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात तिला बाहेर घेतलं. आमचा संघ जिंकला. सामन्यानंतर निवड करणाऱ्यांपैकी एकजण तिच्यापाशी येऊन बोलले. मी लांबून बघत होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला तिथेच कळलं. ज्याला घ्यायचं असतं त्याच्या खांद्यावर कुणी असा हात ठेवत नाही.

ती बॅग घेऊन पार्किंगमध्ये आली. मी स्कूटरपाशी उभी होते.

"काय म्हणाले?"

"गुडघा उत्तम झालाय म्हणाले. मेहनत दिसते म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिने बॅग खाली ठेवली, कट्ट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. वर न बघता तिने विचारलं, "मी बघितलं का खाली?"

"हो."

"कधी? त्या लांब पासला?"

"प्रत्येक वेळी."

तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "मला वाटत होतं आज एकदाही नाही. खरंच, मम्मी. मला वाटलं आज जमलं."

तिने चपला घातल्या, बूट एकमेकांवर आपटून तळाची माती पाडली, बॅगेत टाकले आणि चेन लावली.

"उद्यापासून पाचला उठवू नकोस मला," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं.